गूगल अर्थ इंजिन: नागपूर परिसरातली हिरवाई मोजायला कितपत कामाचं?

पेंचच्या जंगलाचं ऑक्टोबरअखेरचं उपग्रहचित्र आणि एप्रिलच्या मध्यातलं चित्र शेजारीशेजारी ठेवलं, तर सहा महिन्यांत निम्मं जंगल साफ झालं असं कुणालाही वाटेल. साग, ऐन, धावडा जागच्या जागी उभे असतात, पानं तेवढी गळालेली असतात. नागपूरच्या आसपास उपग्रहावरून झाडोरा मोजायचा म्हटलं की पहिली गाठ या पानगळीशी पडते आणि दुसरी पावसाळी ढगांशी. या दोन्हींतून साधन कसं निभावून नेतं, त्यावरच त्याची लायकी ठरवावी. इथे त्याच मापाने गूगल अर्थ इंजिन तपासलं आहे, चार कामांसाठी: काटोल-कळमेश्वरकडच्या संत्र्याच्या बागा, पेंच आणि उमरेड-कऱ्हांडल्याचं जंगल, उमरेडकडच्या कोळशाच्या खुल्या खाणी आणि नागपूर शहरातली झाडं.

निकाल आधीच सांगतो. दहा-वीस-तीस वर्षांचा बदल बघायचा असेल तर पाचपैकी साडेचार. एका शेतकऱ्याच्या एका वावरावर दर आठवड्याला नजर ठेवायची असेल तर तीन. आणि ‘किती झाडं तुटली’ हा आकडा हवा असेल तर हे साधन त्या कामाचं नाही, तिथे पायी फिरून मोजणी करावी.

काय मिळतं, किती पैशांत

गूगल अर्थ, म्हणजे तो फिरणारा पृथ्वीचा गोल, वेगळा. अर्थ इंजिन ही २०१० पासूनची सेवा आहे. उपग्रहचित्रांचा सगळा साठा तिच्या सर्व्हरवर असतो आणि गणितही तिथेच होतं. आपल्या लॅपटॉपवर एक चित्रही उतरवावं लागत नाही. ही सोय किती मोठी आहे हे कळायला जुनी पद्धत आठवावी. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची चित्रं २००८ पर्यंत विकत घ्यावी लागत. त्यानंतर ती खुली झाली, तरी एकेक चित्र उतरवून, जोडून, कापून घेण्यात आठवडे जात. आता लँडसॅट-५ ची १९८४ पासूनची, लँडसॅट-८ ची २०१३ पासूनची, लँडसॅट-९ ची २०२१ पासूनची चित्रं ३० मीटर पिक्सेलची मिळतात, म्हणजे चित्रातला एक ठिपका जमिनीवरचा ३० मीटर बाजूचा चौकोन असतो. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची १० मीटरची मिळतात. पहिला सेंटिनेल-२ जून २०१५ मध्ये गेला, दुसरा मार्च २०१७ मध्ये, आणि दोघे मिळून दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून जाऊ लागले. जिल्हाभराचा ढोबळ कल बघायला २००० पासूनचं मोडिस हे उपग्रहावरचं उपकरण आहे, २५० मीटरचं. सगळं एकाच खिडकीत.

शिक्षण, संशोधन आणि विना-नफा कामासाठी सेवा फुकट आहे. त्यासाठी गूगल क्लाउडवर प्रोजेक्ट उघडून तो अर्थ इंजिनसाठी नोंदवावा लागतो आणि वापर कशासाठी आहे याची प्रश्नावली भरावी लागते. बागायतदारांकडून पैसे घेऊन अहवाल देणारा सल्लागार मात्र व्यावसायिक वापरात मोडतो, त्याला शुल्क आहे. हे आधी नीट वाचून घ्या. फुकटच्या खात्यावर धंदा उभा केला आणि मग खातं अडकलं, तर हंगाम हातचा जातो.

कोडिंग येत नसेल तर सुरुवातीचे दोन आठवडे जड जातील. ब्राउझरमधल्या कोड एडिटरमध्ये जावास्क्रिप्ट लिहायची असते; पायथनमधूनही चालतं. पण झाडोऱ्याच्या कामाला लागणारा कोड तीस-चाळीस ओळींच्या पुढे फारसा जात नाही, आणि नमुन्याचे कोड शेजारच्याच यादीत दिलेले असतात. कृषी पदवीच्या विद्यार्थ्याला हे महिनाभरात सहज जमतं.

संत्र्याची बाग: दोन एकरांत किती पिक्सेल?

एनडीव्हीआय हा हिरवाईचा निर्देशांक: निकट अवरक्त वजा लाल, भागिले दोघांची बेरीज. निरोगी पान लाल प्रकाश खाऊन टाकतं आणि निकट अवरक्त परतवतं, म्हणून आकडा वर जातो. उपग्रह प्रकाशाचा प्रत्येक पट्टा वेगळा टिपतो, त्याला बँड म्हणतात; सेंटिनेल-२ मध्ये निकट अवरक्त हा बँड ८ आणि लाल हा बँड ४, दोन्ही १० मीटरचे.

आता दोन एकरांची बाग घ्या. साधारण ८,१०० चौरस मीटर, म्हणजे चौकोनी धरली तर ९० मीटरची बाजू. सेंटिनेलचे ८१ पिक्सेल. पण धुऱ्यावरचा बाभूळ-कडुनिंब, शेजारची पऱ्हाटी (कपाशी), पांदण रस्ता हे सगळं कडेच्या पिक्सेलमध्ये मिसळलेलं असतं. म्हणून हद्द आतल्या बाजूने १० मीटर आखडून घ्यायची. उरतात ४९ पिक्सेल, आणि एवढे सरासरीला पुरतात. हीच बाग लँडसॅटवर बघितली तर मुळात ९ पिक्सेल, आणि हद्द एका पिक्सेलने आत घेतली की एकच उरतो. म्हणजे २०१५ च्या आधीचा एका छोट्या बागेचा इतिहास अर्थ इंजिनवरून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. दहा-बारा एकरांचा सलग पट्टा असेल तर गोष्ट वेगळी.

हद्द महाभूनकाशावरून घ्या, पण गट नंबरची रेघ जमिनीवरच्या धुऱ्याशी तंतोतंत जुळेलच असं नाही. उपग्रहचित्रावर ठेवून डोळ्यांनी सरकवून घ्या. मोबाइलवर काढलेली हद्दीची केएमएल फाइल अर्थ इंजिन थेट घेत नाही. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून शेपफाइल करा, तिच्या सोबतच्या सगळ्या फाइली, प्रोजेक्शनच्या फाइलीसकट, एका झिपमध्ये भरून चढवा.

चित्रसंच निवडताना ‘सरफेस रिफ्लेक्टन्स’ (हवेचा परिणाम काढून जमिनीवरून परतलेला प्रकाश) आणि त्यातही ‘हार्मनाइज्ड’ लिहिलेलाच घ्या. यात चुकलेले अनेक नकाशे फिरताना दिसतात. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या प्रक्रियेत बदल झाला आणि प्रत्येक पिक्सेलच्या आकड्यात १,००० ची भर पडू लागली. निरोगी बागेचा अवरक्त आकडा ३,००० आणि लाल ६०० असेल तर एनडीव्हीआय ०.६७ येतो. दोन्हींत हजार मिळवून बघा: ४,००० आणि १,६००, एनडीव्हीआय ०.४३. बाग तीच, झाडं तीच, आणि जानेवारी २०२२ नंतर आलेखात अचानक दरी. हार्मनाइज्ड संचात ही भर आधीच वजा केलेली असते.

ढगांचं गाळण नेमकं समजून घ्या. चित्रासोबत येणारी ढगांची टक्केवारी ही जवळपास ११० किलोमीटर बाजूच्या अख्ख्या तुकड्याची असते, आपल्या वावराची नव्हे. ‘१० टक्क्यांपेक्षा कमी ढग’ अशी चाळणी लावली की सप्टेंबर-ऑक्टोबरमधली कितीतरी चांगली चित्रं बाद होतात, कारण ढग भंडाऱ्यावर असतात आणि काटोल मोकळं. चाळणी ६०-७० टक्क्यांवर ठेवा आणि मग क्लाउड स्कोअर प्लस या संचाने पिक्सेलनिहाय ढग झाका. त्यातला ‘सीएस-सीडीएफ’ बँड ०.६० च्या वर असलेले पिक्सेल ठेवले की ढगांच्या सावल्याही बऱ्यापैकी निघून जातात. सावल्या राहिल्या तर एनडीव्हीआय खाली ओढला जातो आणि तो ‘रोग’ म्हणून वाचला जातो.

आता वाचन. इथे कोडपेक्षा बागेची माहिती जास्त लागते. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून ताण दिला जातो, मृग बहारासाठी मे महिन्यात. ताणावर असलेल्या बागेची पानं मलूल होतात, काही गळतात, एनडीव्हीआय उतरतो. बँड ८ आणि बँड ११ वरून काढलेला ओलाव्याचा निर्देशांक, एनडीएमआय, पुष्कळदा आणखी स्पष्ट उतरतो. मे महिन्यात उतरलेली रेघ बघून ‘बाग वाळते आहे’ असा निष्कर्ष काढला आणि शेतकऱ्याने मुद्दाम ताण दिलेला निघाला, तर अहवालाची शोभा होते. बागायतदाराला बहार कोणता धरला आहे एवढं विचारा, मगच रेघेला हात लावा. बँड ११ हा २० मीटरचा आहे, तेव्हा दोन एकरांच्या बागेत त्याचे शुद्ध पिक्सेल फार थोडे उरतात, हेही ध्यानात असू द्या.

बागा ओळखायच्या असतील तर सगळ्यांत सोपी वेळ एप्रिलचा पहिला पंधरवडा. हरभरा निघालेला, गहू कापलेला, कापसाचं वावर उघडं, आणि काळ्या जमिनीच्या पसाऱ्यात संत्र्याचे हिरवे चौकोन स्वच्छ दिसतात. मे उजाडला की मृग बहाराच्या बागा ताणावर जातात आणि चौकोन फिके पडतात. ऑक्टोबरमध्ये हेच काम करायला गेलात तर तूर, पऱ्हाटी आणि संत्रा एकाच रंगात मिसळतात, शिवाय झाडांच्या ओळींत घेतलेलं सोयाबीन बागेचा आकडा फुगवतं किंवा ते निघाल्यावर एकदम पाडतं.

मर्यादा आकड्यांत सांगतो. ६ बाय ६ मीटरच्या लागवडीत हेक्टरी २७७ झाडं बसतात, म्हणजे एका सेंटिनेल पिक्सेलमध्ये तीनहून कमी. झाडाच्या पसाऱ्याचा व्यास ५ मीटर धरला तर जमिनीचा निम्म्याहून थोडा अधिक भाग झाकला जातो, बाकी माती. पानोळ्याचा, म्हणजे पानांच्या छत्रीचा, एनडीव्हीआय ०.७५ आणि उघड्या काळ्या मातीचा ०.१८ धरून ढोबळ हिशेब केला तर बागेचा आकडा ०.४९ च्या आसपास येतो. डिंक्या रोगाने शंभरातली दहा झाडं पूर्ण वाळली, तर तो ०.४६ होतो. फरक ०.०३. एवढा चढउतार धुरकट हवा, मातीतला ओलावा आणि सूर्याच्या कोनानेही होतो. म्हणून ‘उपग्रह रोग आधी पकडून देतो’ असं सांगणाऱ्याला विचारा, बागेतली किती झाडं गेल्यावर? तसंच कोळशीचं. पानांवर काळी बुरशी साचली की निकट अवरक्त प्रकाश कमी परततो हे खरं आहे, पण ते पिक्सेलमध्ये उमटेपर्यंत शेतकऱ्याची बोटं केव्हाच काळी झालेली असतात.

बागेतलं आणखी एक: अमरावती जिल्ह्याच्या बाजूला गेलात तर ७८ अंश रेखांश ओलांडला जातो, मोर्शीच्या जवळपास. नकाशांसाठी पृथ्वीचे यूटीएम नावाचे पट्टे पाडलेले असतात; नागपूर त्यांतल्या ४४ मध्ये आहे, पलीकडे ४३. या रेषेलगतचं एकच वावर एकाच दिवशी दोन तुकड्यांत, दोन प्रोजेक्शनमध्ये दिसतं. चित्रं मोजताना ती दोनदा धरली जातात. तारखेनुसार आधी एकत्र करा, आणि नागपूर जिल्ह्याचं काम ईपीएसजी ३२६४४ (यूटीएम ४४ चा संकेतांक) मध्ये ठेवा.

जंगल: दोन खिडक्या आणि ती उलटी रेघ

पेंच, उमरेड-कऱ्हांडला, बोर ही पानगळीची जंगलं. त्यांची तुलना करताना दर वर्षी त्याच दिवसांची खिडकी घ्यावी लागते. दोन खिडक्या उपयोगी पडतात. १५ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर, जेव्हा आकाश निवळलेलं असतं आणि पानोळा अजून टिकून असतो. आणि १ एप्रिल ते १५ मे, जेव्हा फक्त नदीकाठचा, नाल्यातला, सदाहरित भाग हिरवा उरतो. पहिल्या खिडकीत दाट जंगलाचा एनडीव्हीआय साधारण ०.७ च्या पुढे असतो, दुसरीत तेच जंगल ०.३ च्या आसपास येतं. कोणत्या खिडकीतला आकडा आहे हे न सांगता दिलेला नकाशा फेकून द्यावा. जुलै-ऑगस्टच्या भानगडीत पडू नका. पावसाळ्यातली दृश्य चित्रं बहुतेक ढगांचीच असतात. त्या महिन्यांचं काहीतरी हवंच असेल तर ढगांतून बघणारा सेंटिनेल-१ रडार त्याच साठ्यात आहे, पण त्याचे आकडे वेगळ्या डोळ्याने वाचावे लागतात, जमीन ओली झाली तरी ते हलतात.

लांब काळाची रेघ लँडसॅटवरून काढायची. इथे तीन ठेचा हमखास लागतात. पहिली, बँडचे क्रमांक: लँडसॅट-५ आणि ७ मध्ये लाल हा ३ आणि अवरक्त हा ४, तर लँडसॅट-८ आणि ९ मध्ये लाल हा ४ आणि अवरक्त ५. जुना कोड तसाच नव्या उपग्रहावर चालवला की तो चूक दाखवत नाही, हिरव्या आणि लाल बँडवरून शांतपणे चुकीचा निर्देशांक काढून देतो. दुसरी, लँडसॅटच्या कलेक्शन-२ या संचातल्या आकड्यांना ०.०००००२७५ नव्हे तर ०.००००२७५ ने गुणून त्यातून ०.२ वजा करायचे असतात. शून्यं मोजून घ्या, आणि वजाबाकी विसरू नका, कारण गुणक भागाकारात कटतो पण वजाबाकी कटत नाही. तिसरी, लँडसॅट-७ चा स्कॅन लाइन करेक्टर (चित्राच्या ओळी नीट जुळवणारा भाग) ३१ मे २००३ रोजी बिघडला आणि त्यानंतरच्या प्रत्येक चित्रात सुमारे २२ टक्के भाग पट्ट्यापट्ट्यांनी गायब आहे. वर्षाचा मध्यक, म्हणजे प्रत्येक पिक्सेलच्या सगळ्या चित्रांतला मधला आकडा, काढताना पट्टे भरून निघतात असं वाटतं, पण ज्या वर्षी चित्रंच कमी तिथे नकाशात तिरप्या रेघा उमटतात आणि त्या ‘तोड’ म्हणून मोजल्या जातात. म्हणून मध्यकाच्या आधी प्रत्येक पिक्सेलला किती स्वच्छ चित्रं मिळाली याचा नकाशा काढा. तीनपेक्षा कमी असतील ते पिक्सेल त्या वर्षापुरते बाजूला ठेवा.

लँडसॅट-५ आणि ८ चे सेन्सर एकसारखे नाहीत. ८ चा अवरक्त बँड अरुंद आहे आणि त्याच झाडोऱ्याचा एनडीव्हीआय किंचित जास्त येतो. जुळवणीचे गुणांक न लावता १९९० ते आजची रेघ काढली, तर २०१३ नंतर जंगल सुधारल्याचा भास होतो. ‘हिरवाई वाढली’ अशा कितीतरी बातम्यांच्या तळाशी हा एवढासा फरक असू शकतो.

बदल कोणत्या वर्षी झाला हे काढायला लँडट्रेंडर ही पद्धत अर्थ इंजिनमध्ये तयार आहे, आणि या सेवेतली आमच्या मते सर्वांत मोलाची वस्तू हीच. प्रत्येक पिक्सेलची वर्षावर्षांची रेघ ती सरळ तुकड्यांत बसवते आणि कुठे मोडली ते सांगते. पण तिला निर्देशांक उलटा द्यावा लागतो: नुकसान झालं की आकडा वर जाईल असा. एनडीव्हीआयला उणे एकने गुणल्याशिवाय दिलं तर जंगल तुटलं तिथे सुधारणा आणि सुधारलं तिथे तोड दिसते. मापदंडांत जास्तीत जास्त तुकडे ६ आणि पी-मूल्य ०.०५ ठेवून सुरुवात करा. एका वर्षाचा खड्डा आणि पुढच्या वर्षी भरपाई असं झालेले पिक्सेल वेगळे तपासा. सागाच्या पानांची जाळी करणारी अळी पावसाळ्याच्या शेवटी मोठ्या पट्ट्यात पानं खाऊन जाते, आणि ऑक्टोबरच्या खिडकीत ते जंगल आजारी दिसतं. पुढच्या वर्षी जैसे थे. त्याला तोड म्हणता येत नाही.

सरळ कल काढायचा असेल तर मान-केंडॉल (कल खरा आहे का) आणि सेन्स स्लोप (कल किती) हेही तिथेच आहेत. फक्त रेघेची टोकं बघा. २००९ मध्ये देशभर पाऊस बराच कमी पडला. अशा वर्षापासून रेघ सुरू केली तर कल आपोआप चढता येतो. पावसाची चर्प्स ही मालिका १९८१ पासूनची त्याच साठ्यात आहे. जून-सप्टेंबरचा पाऊस आणि त्यानंतरचा एनडीव्हीआय शेजारी ठेवा, पावसाने समजणारा भाग वजा करा, मग उरलेल्या कलाबद्दल बोला.

वणव्याचं एक. मोह वेचण्याच्या आणि तेंदूपानाच्या दिवसांत, मार्च ते मे, जमिनीवरचा पाचोळा जळतो. एप्रिलच्या खिडकीत आधीच पानं नसतात, त्यामुळे एनडीव्हीआयवर वणवा नीट ओळखूच येत नाही. तिथे बँड ८ आणि बँड १२ चा एनबीआर, म्हणजे जळालेली जमीन दाखवणारा निर्देशांक, वापरा. आणि घाणेरीपासून सावध. झाडांच्या खाली ती माजली की पावसाळ्यानंतर बराच काळ हिरवी राहते आणि निर्देशांक उचलून धरते. आकडा वाढतो आणि जंगल बिघडत असतं. हे दुःख कुठलाही निर्देशांक सांगत नाही, बीटगार्ड सांगतो.

खोटी हिरवाई

खाणींच्या कामात अर्थ इंजिन उत्तम आहे. मातीचे ढिगारे कधी चढले, खड्डा कोणत्या वर्षी कुठवर सरकला, हे लँडसॅटवर वर्षागणिक काढता येतं. गोंधळ होतो तो ढिगाऱ्यांवरच्या वृक्षारोपणाचा. ऑक्टोबरमध्ये ढिगारा हिरवागार दिसतो, कारण त्यावर गवत वाढलेलं असतं. रोपं जगली का हे बघायला एप्रिलची खिडकी हवी, आणि सलग चार-पाच एप्रिल हवेत. खड्ड्यात पाणी साचलं की एनडीव्हीआय शून्याच्या खाली जातो आणि ते ‘झाडोरा गेला’ म्हणून मोजलं जातं; पाण्याचा मुखवटा आधी लावा.

पाण्याचाच उलटा प्रकार तलावांत. अंबाझरी, फुटाळा अशा तलावांत जलपर्णी पसरली की उपग्रहाला तिथे झाडोरा दिसतो, तोही उत्तम प्रतीचा. पेंचमधल्या तोतलाडोह धरणाचं पाणी उन्हाळ्यात मागे सरतं, उघड्या पडलेल्या गाळावर गवत उगवतं, आणि सगळं जंगल वाळत असताना तेवढी कड हिरवी होत जाते. हरणांसाठी ती मोठी सोय आहे, पण ‘वनक्षेत्रात वाढ’ या रकान्यात ती जाता कामा नये.

शहरात, सिव्हिल लाइन्स किंवा सेमिनरी हिल्ससारख्या दाट भागांची रेघ सेंटिनेलवर चांगली निघते. रस्त्याकडेचं एकटं झाड निघत नाही. एप्रिलअखेर कडुनिंब नव्या पालवीत असतो, तेव्हा झाडं आणि वाळलेलं गवत वेगळं करायला ती वेळ बरी. पाणी घातलेली हिरवळ मात्र तेव्हाही झाडांत मिसळते.

याऐवजी काय?

नुसतं बघायचं असेल तर अर्थ इंजिनकडे जाऊच नका. कोपर्निकस ब्राउझर फुकट आहे, कोड लागत नाही. जागा शोधा, सेंटिनेल-२ चा एनडीव्हीआय थर निवडा, वावराभोवती हद्द काढा, आलेखाचं बटण दाबा; रेघ समोर येते. दोन तारखा एकावर एक ठेवून पडदा सरकवता येतो. ग्रामपंचायतीला दाखवायला, शाळेत शिकवायला, पत्रकाराला एखादा दावा पाच मिनिटांत पडताळायला याहून चांगलं काही नाही. तीस वर्षांचं काम आणि हवं तसं गणित मात्र तिथे होत नाही.

इस्रोच्या भुवन आणि भूनिधी या संकेतस्थळांवर रिसोर्ससॅट उपग्रहांची चित्रं आहेत: त्यांवरच्या लिस-३ कॅमेऱ्याची २३.५ मीटरची, एविफ्स कॅमेऱ्याची ५६ मीटरची. नागपुरात काम करणाऱ्याने ती जरूर बघावीत, कारण भारतीय वन सर्वेक्षणाचे अहवाल लिस-३ वर बेतलेले असतात आणि आपला नकाशा त्यांच्याशी का जुळत नाही हे तिथे कळतं. न जुळण्याचं मोठं कारण व्याख्येत आहे. वन सर्वेक्षण एक हेक्टर आणि वर, दहा टक्के आच्छादन असलेली जमीन धरतं, मालकी किंवा जात न बघता. त्यात फळबागाही येऊ शकतात. अर्थ इंजिनवरचा जागतिक वनबदलाचा तयार नकाशा ५ मीटरपेक्षा उंच झाडोरा धरतो. संत्र्याचं झाड या रेषेच्या अलीकडे-पलीकडे उभं असतं. जुनी बाग काढून नवी लावली की त्या नकाशात ‘वनहानी’ उमटू शकते. तयार नकाशे घ्या, पण व्याख्या वाचून. गावांच्या हद्दी आणि जुने विषयवार नकाशे हवे असतील तर व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेच्या आवारातलं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आणि मातीसाठी अमरावती रोडवरचा राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरो, या दोन दारांवर शहरातच जाता येतं. ही सोय दुसऱ्या शहरांना नाही.

यंत्राच्या खोडी

नकाशावर टिचकी मारून दिसणारा आकडा झूम केल्यावर बदलतो. ती चूक नाही, अर्थ इंजिन पडद्यावरच्या मापाने गणित करतं. म्हणून टिचकीचा आकडा अहवालात कधीच लिहू नका. क्षेत्राची सरासरी काढताना स्केल १० किंवा ३० स्वतः लिहून द्या. मध्यक काढलेल्या चित्राला स्वतःचं प्रोजेक्शन उरत नाही, ते एक अंशाच्या पिक्सेलवर जातं. स्केल दिला नाही तर दोन एकरांची बाग त्यात बुडून जाते. तारखांच्या चाळणीत शेवटची तारीख धरली जात नाही, ३० नोव्हेंबर हवा असेल तर १ डिसेंबर लिहा.

जिल्हाभराचा आलेख पडद्यावर मागितला की पाच मिनिटांनी काम अडतं किंवा मेमरी संपल्याचा निरोप येतो. उपाय सोपा: आलेख मागू नका, सीएसव्ही ड्राइव्हवर पाठवा, आणि टास्कच्या खिडकीत जाऊन रन दाबा. रन न दाबता रात्रभर वाट बघणारे पुष्कळ आहेत. तरीही अडलं तर टाइलस्केल (एका वेळी मोजायचा तुकडा लहान करणारा पर्याय) ४ किंवा ८ करा, किंवा तालुकेवार तुकडे पाडा. ‘बेस्ट एफर्ट’चा पर्याय अडचण मिटवतो खरा, पण पिक्सेल परस्पर मोठे करून, क्षेत्रफळाच्या कामात तो बंदच ठेवा.

नकाशा हातात आला की पडताळणीची ठिकाणं काढा, बदल झालेल्या आणि न झालेल्या अशा प्रत्येक वर्गातून किमान ५०, आणि ती यंत्रालाच यादृच्छिक निवडू द्या. रस्त्यालगतची सोयीची ठिकाणं आपण निवडली की चूक लपते. जुन्या तारखांसाठी गूगल अर्थ प्रोमधली इतिहासाची पट्टी वापरा आणि खाली दिसणारी चित्राची तारीख टिपून घ्या. बाकीच्या ठिकाणी जा. एप्रिलच्या नकाशाची पडताळणी एप्रिलमध्येच करा, सकाळी लवकर निघून, कारण अकरानंतर काटोलच्या वावरात उभं राहवत नाही. प्रत्येक ठिकाणी झाडोऱ्याचा फोटो घ्याच, पण एक फोटो पायाखालचाही घ्या. जमीन काळी आहे की मुरमाड, पाचोळ्याने झाकली आहे की वखरलेली, यावर पानगळीच्या दिवसांत आकडा किती हलतो ते त्या दुसऱ्या फोटोशिवाय उलगडत नाही.